सात डोंगरांचा चंद्र

उल्कापाल क्षणभक्षीला चारी मुंड्या चीत करेल, हे मी नऊ वर्षं घसा फोडून सांगत आले. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल वाद घालायला यावं, फक्त पुस्तकं वाचून यावं. पहिलं पान वाचून शेवटच्या पानावर उडी मारणाऱ्यांशी मी बोलत नाही.

ज्यांना ही नावंच माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण त्यांची मला कीव येते. 'तारकाद्रोह' नावाची अकरा खंडांची कादंबरी आहे. तिच्यात यंत्रं आहेत, मंत्र आहेत, उडती जहाजं आहेत आणि दोन खलनायक आहेत. उल्कापाल हाताला लागेल ते उचलून फेकतो. उल्का म्हणू नका, चंद्र म्हणू नका. क्षणभक्षी क्षण खातो. म्हणजे तुम्ही तलवार उपसलीत आणि वार करायचा तेवढा क्षण त्याने गिळला, की तुम्ही तसेच हात वर करून उभे. उल्कापाल पाचव्या खंडात मरतो, क्षणभक्षी सहाव्यात उगवतो. दोघांची गाठ कधी पडलीच नाही. लेखकाने एकदा पाडली असती तर आमचे नऊ वर्षांचे रविवार वाचले असते.

आमचं वाचक मंडळ दर रविवारी वाचनालयाच्या माडीवर भरतं. सभासद चौदा, त्यांत तट दोन. उल्कापालाच्या बाजूची पुढारी मी. क्षणभक्षीच्या बाजूचा पुढारी घड्याळजी. आता त्यांना मी अहो-जाहो करते, पण तेव्हा मनातल्या मनात अरे-तुरे करायचे, म्हणून गोष्ट तशीच सांगते.

मी वजनकाटे दुरुस्त करते. बाजारात मला काटेवाली म्हणतात. धंद्यावरून म्हणतात की जिभेवरून, हे मी कधी विचारलं नाही. दुकान वडिलांचं. त्यांनी गल्ल्याच्या वर लावलेली पाटी अजून तिथेच आहे: 'आधी रिकामं भांडं तोला.' भांड्याचं वजन आधी वजा केल्याशिवाय आतल्या मालाचं खरं वजन कळत नाही, ह्याला आम्ही धडा करणं म्हणतो. ही पाटी न वाचणाऱ्या गिऱ्हाइकांना मी आजवर जितकं झापलंय तितकं उल्कापालाने शत्रूंनाही झापलं नसेल.

घड्याळजीचं दुकान दोन गल्ल्या सोडून. माणूस इतका सावकाश बोलायचा, एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवल्यासारखा, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याचं म्हणणं एकच. "ताकद म्हणजे वेळ, बाई. ज्याच्या हातात वेळ, तो मोठा." माझं म्हणणं, ताकद म्हणजे वजन. किती उचललं ते सांगा, बाकी गप्पा नकोत.

आणि मी सांगितलं होतं. आकड्यासकट. तिसऱ्या खंडात राजा आपला चंद्र मोठ्या तराजूत तोलतो, तेव्हा दुसऱ्या पारड्यात सात डोंगर ठेवावे लागतात. तोच चंद्र उल्कापाल एका हाताने भिरकावतो. म्हणजे सात डोंगरांची ताकद. उलट आठव्या खंडात क्षणभक्षीच्या अंगावर तीन डोंगर कोसळतात आणि तो बाह्या झटकत बाहेर येतो. म्हणजे तीन डोंगर सोसायची ताकद. सात कुठे, तीन कुठे! तुमचा क्षणभक्षी आमच्या उल्कापालाच्या पासंगालाही पुरत नाही, असं मी कागदावर ठळक अक्षरात लिहून मंडळाच्या फळ्यावर लावलं. नऊ वर्षांत तो कागद कुणाला खोडता आला नाही. नवा सभासद आला की ग्रंथपाल बाई आधी तो कागद दाखवायच्या, आणि मी उगीचच खिडकीतून बाहेर बघायचे.

तर एका सोमवारी आमची लेक म्हणाली, "आई, मला लग्न करायचंय."

आमच्या लेकीला घरात सगळे मिलीग्रॅम म्हणतात. जन्मली तेव्हा मूठभर होती. आता माझ्याबरोबर दुकानात बसते, नवे विजेवरचे काटे तीच बघते आणि माझ्यापेक्षा शंभर पटींनी शांत आहे. आनंदाने मला काय करावं सुचेना. मी विचारलं, "कोण आहे? काय करतो?"

"शाळेत गणित शिकवतो. तू पाहिलंयस त्याला. रविवारी बाबांना घ्यायला येतो."

"कुणाच्या बाबांना?"

तिने दोन गल्ल्यांपलीकडच्या घड्याळाच्या दुकानाकडे बोट दाखवलं. माझ्या हातातलं दोनशे ग्रॅमचं वजन पायावर पडलं.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, टपाल कचेरीत पत्रं निवडायचं काम करतात. स्वभावाने गरीब, 'तारकाद्रोह'चं एक पान वाचलेलं नाही. ते म्हणाले, "मुलगा चांगला आहे ना? झालं तर मग." लेकीने मात्र मला समोर बसवून शपथ घातली. रविवारी सकाळी ते दोघं बोलणी करायला येणार. घड्याळजीला बायको नाही, तेव्हा जे काही ठरायचं ते त्याच्याशीच. त्या तासाभरात उल्कापालाचं नाव काढायचं नाही. "मला तो फार आवडतो गं, आई," ती म्हणाली. एवढंच. माझ्या लेकीने आयुष्यात माझ्याकडे हट्ट म्हणून काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, एक तासच तर आहे, तोंडात गुळणी धरून बसेन.

बारा मिनिटं टिकले.

आले दोघं, कडक इस्त्री करून. चहा झाला, हवापाण्याचं झालं. मुलगा खरोखर गोड होता. घड्याळजी मात्र सारखा माझ्या डोक्यावरून मागे बघत होता. मागे आमचं चावीचं भिंतीवरचं घड्याळ. शेवटी त्याला राहवेना. "परवानगी असेल तर," म्हणाला, आणि माझ्याच खुर्चीवर चढून त्याने घड्याळ खाली काढलं, टेबलावर ठेवलं, खिशातून पेचकस काढला आणि मागचं झाकण उघडलं. बोलणी करायला येताना पेचकस घेऊन येणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"सात मिनिटं मागे आहे," तो म्हणाला. "किती दिवस?"

"असेल बरेच दिवस," मी म्हणाले. इथेच थांबायचं होतं. लेकीने डोळे मोठे केले होते. पण माझ्या जिभेला हाड नाही. "तुमच्या क्षणभक्षीने खाल्ली असतील सात मिनिटं. चंद्र उचलायची ताकद नसली की माणूस मिनिटांवर पोट भरतो."

घड्याळजीने पेचकस खाली ठेवला. अगदी सावकाश.

"बाई, चंद्र उचलला. कबूल. पण फेकायला क्षण लागतो की नाही?"

"लागतो. मग?"

"तोच खाल्ला."

"खाऊ दे की! सात डोंगरांचा चंद्र हातातून सुटेल, आपोआप खाली पडेल आणि तुमचा खादाड बरोबर त्याच्याखाली उभा असेल!"

"बिस्किट घ्या," आमचे हे म्हणाले. "हवेने मऊ पडतात."

"ते सात डोंगर तुमच्या कागदावर आहेत," घड्याळजी म्हणाला.

"मग त्या कागदात गुंजभर चूक काढून दाखवा ना! नऊ वर्षं झाली, दाखवताय! एक चूक दाखवा, मी भर मंडळात उभी राहून क्षणभक्षी मोठा म्हणेन. आणि नाही दाखवता येत, तर आधी उल्कापाल मोठा म्हणा, मगच माझ्या मुलीचं बोला!"

तोंडातून गेलं आणि मला कळलं, काय बोलले ते. पण गेलं ते गेलं. मुलगा पांढराफटक पडला. घड्याळजी उठला. "चल," मुलाला म्हणाला. "कुणापुढे क्षणभक्षीला लहान म्हणून मला सून आणायची नाही." मुलाने दारातून लेकीकडे बघितलं आणि गेला. आमचं घड्याळ टेबलावर पोट उघडं टाकून पडलं होतं आणि त्याची चावी घड्याळजीच्या खिशात गेली होती.

लेक रडली असती, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिने कप गोळा केले, विसळले आणि पालथे घातले. सोमवारी दुकानात आली, कामापुरतं बोलली. मंगळवारी तेच. घरात घड्याळ बंद, त्यामुळे दिवस सरता सरत नव्हता. आमचे हेसुद्धा एकदाच बोलले, "एक राक्षस मोठा की दुसरा, ह्यात आपली मुलगी कुठे आली गं?"

बुधवारी फळवाली आली. तिचा काटा जास्त वजन दाखवतो, गिऱ्हाइकं तिला बोल लावतात, म्हणून रडकुंडीला आलेली. मी काटा बघितला, ठणठणीत. म्हटलं, तोलून दाखव. बाईने फळं भरलेली टोपली सरळ काट्यावर ठेवली.

"अगं ए शहाणे!" मी कडाडले. "टोपली वजा कोण करणार? पाटी लावलीय ना एवढी डोक्यावर! एवढी जाडजूड टोपली फळांबरोबर तोलायची आणि वर काट्याला दोष द्यायचा! साधी गोष्ट, शेंबड्या पोराला कळते!"

लेक कोपऱ्यात काम करत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि पिंजरा, आई?"

"कसला पिंजरा?"

"चंद्राचा."

फळवाली कशी गेली, काय म्हणाली, मला आठवत नाही. तिसरा खंड दुकानातच असतो, वजनांच्या पेटीशेजारी. तोलण्याचं पान मला तोंडपाठ होतं: 'पिंजऱ्यातला चंद्र एका पारड्यात, सात डोंगर दुसऱ्यात, आणि काटा मधोमध स्थिर झाला.' पिंजऱ्यातला! मी भराभरा मागे गेले. आदल्या प्रकरणात, सुताराच्या बायकोचं लांबलचक गाणं आहे, ते मी दरवेळी गाळते, त्याच्या खालीच लिहिलं होतं. चंद्र पळून जाऊ नये म्हणून राजाने पिंजरा घडवला, 'अडीच चंद्रांच्या वजनाचा'. आणि फेकताना उल्कापाल पिंजऱ्याचं दार तोडून नुसता चंद्र बाहेर काढतो.

पेन्सिल लागलीच नाही. पिंजरा अडीच चंद्र, आतला चंद्र एक, मिळून साडेतीन चंद्र म्हणजे सात डोंगर. एक चंद्र दोन डोंगर. फक्त दोन! आणि क्षणभक्षी तीन सोसतो.

मी धडा केला नव्हता. मी! त्या पाटीखाली बसून! वडील असते तर कानाखाली वाजवली असती आणि बरोबर केलं असतं.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"चार वर्षं झाली."

"चार वर्षं! आणि तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तो कागद लावल्यापासून तू दर रविवारी शिट्टी वाजवत घरी यायचीस," ती म्हणाली. "कशाला सांगायचं?"

मला लाज वाटली. कागदाची वाटली, आणि त्याहून जास्त दुसऱ्या गोष्टीची वाटली. त्या संध्याकाळी मी जेवले नाही, आणि आमच्या ह्यांनी विचारलंही नाही, म्हणजे बघा.

रविवारी मी मंडळात गेले. घड्याळजी आपल्या खुर्चीवर, मुलगा मागे उभा. लेकही आली होती, पुस्तकांच्या कपाटाजवळ, त्याच्यापासून चार हात दूर. मी कुणाला नमस्कार-चमत्कार न करता सरळ फळ्यापाशी गेले, कागद ओढून काढला आणि म्हणाले, "हे गणित चूक आहे. चंद्र पिंजऱ्यासकट तोलला होता, मी पिंजरा वजा केला नाही. चंद्र दोन डोंगरांचा. क्षणभक्षी तीन सोसतो. क्षणभक्षी मोठा. संपलं."

माझ्या बाजूचे सहा जण माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी त्यांचं घर विकलं. मी घड्याळजीकडे बघितलं. म्हटलं, नाचेल आता.

घड्याळजी म्हणाला, "नाही."

"काय नाही?"

"गणित बरोबर आहे. तुम्ही मुलीसाठी स्वतःला खोटं पाडताय. असला विजय मला नको. भीक आहे ती."

"अहो, चूक आहे म्हणतेय ना! वाचा, हे पान!"

त्याने पान वाचलं. दोनदा वाचलं. "पिंजरा मंतरलेला असणार," म्हणाला. "मंतरलेल्या वस्तूला वजन नसतं."

"अडीच चंद्रांचं वजन लिहिलंय त्यावर! ढळढळीत!"

"मग तो पारड्यात नसेल. बाहेर काढून ठेवला असेल."

"'पिंजऱ्यातला चंद्र' लिहिलंय! बाहेर काढला तर चंद्र राहील का जागेवर?"

"चंद्र सातच डोंगरांचा आहे!" घड्याळजी ओरडला. नऊ वर्षांत त्या माणसाचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

"दोन! मी हरलेय!"

"तुम्ही हरलेल्या नाही!"

"हरलेय म्हणजे हरलेय! तुम्ही कोण मला जिंकवणारे?"

ग्रंथपाल बाईंनी टेबलावर थाप मारली. "खाली लोक वाचतायत!"

घड्याळजी खाली बसला. मग त्याच्या नेहमीच्या सावकाश आवाजात म्हणाला, "बाई, त्या कागदाची नक्कल माझ्या दुकानात काचेखाली आहे. नऊ वर्षं घड्याळं उघडता उघडता मी त्यात चूक शोधतोय. पिंजऱ्याएवढी चूक मला दिसली नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

तेव्हा मला त्याचं दुःख कळलं. खरं सांगते, त्या क्षणी तो माणूस मला पहिल्यांदा आवडला.

"मलाही दिसली नाही," मी म्हणाले. "आणि माझ्या तर डोक्यावर पाटी आहे."

"मग दिसली कुणाला?"

"माझ्या लेकीला. चार वर्षांपूर्वी."

घड्याळजी वळला. सगळं मंडळ वळलं. माझी पोर कपाटाला टेकून उभी, कानापर्यंत लाल.

"चार वर्षं," घड्याळजी म्हणाला. "म्हणजे गेल्या रविवारी, तुमच्या घरी, तुला माहीत होतं?"

"हो."

"तुझी आई म्हणाली, एक चूक दाखवा. तुला दाखवता आली असती. मी तिथेच हो म्हटलं असतं, तुझं लग्न तिथेच ठरलं असतं."

"ठरलं असतं," ती म्हणाली. "पण आई तुमच्यासमोर तोंडघशी पडली असती. ते मला नको होतं."

एवढे दिवस हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी तिचं लग्न पारड्यात घातलं होतं, आणि तिच्या मुठीत मला हरवायचं वजन होतं, आणि तिने मूठ उघडली नव्हती. माझ्या डोळ्यांना धार लागली. भर मंडळात. उल्कापाल मेला तेव्हासुद्धा मी इतकी रडले नव्हते, आणि तेव्हा मी दोन दिवस रडले होते.

घड्याळजीने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मग घसा खाकरला. "माझं ते आठव्या खंडातलं," तो हळूच म्हणाला. "तीन डोंगर सोसतो ते. त्यात काही… नाही ना?"

लेकीने मुलाकडे बघितलं. मुलाने पटकन छताकडे बघितलं.

"ते राहू द्या, बाबा," ती म्हणाली.

बाबा! मंडळात हशा पिकला. घड्याळजींचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू, अगदी त्यांच्याच वेगाने, फुलला. ते उठले, खिशात हात घातला आणि माझ्या घड्याळाची चावी माझ्यापुढे धरली. "आठवडाभर खिशात आहे," म्हणाले. "आज संध्याकाळी येतो. तुमचं घड्याळ उघडं राहिलंय आणि बोलणीही."

आले, घड्याळ लावलं, लग्न ठरवलं. ह्या वेळी आमच्या ह्यांची बिस्किटंही संपली. सगळं गोडीने झालं. पाहुणे गेल्यावर मी लेकीला स्वयंपाकघरात गाठलं.

"सांग बघू. तीन डोंगरांत काय चूक आहे?"

"नाही, आई."

"अगं, मी कुणाला सांगणार आहे?"

"सगळ्यांना."

"मी तुझी आई आहे!"

"आणि ते बाबा आहेत," ती म्हणाली आणि कप पुसायला लागली.

लग्नाला अजून दोन महिने होते, आणि पोर त्या घरची झालीसुद्धा. माझी चूक जशी चार वर्षं पदराखाली झाकली, तशी आता त्यांची झाकणार. वाईट वाटलं, आणि कुणाला सांगू नका, अभिमानही वाटला. थोडा वेळ मी तिच्या शेजारी उभी राहून कप पुसले.

मग हात कोरडे केले, आठवा खंड काढला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. ह्या वेळी गाणीसुद्धा वाचतेय.